नववीला ‘हेल्थ केअर’ विषय घ्यावा का? (बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील पालक व शिक्षकांसाठी)

येळ्ळूरकर

नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा नववीत गेली आहे. तिच्या सरकारी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये एनएसक्यूएफ (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा) योजनेखाली माहिती तंत्रज्ञान आणि हेल्थ केअर असे दोन व्यावसायिक विषय सुरू असून त्यांपैकी एक तृतीय भाषेच्या जागी घेता येतो. मुलीला हेल्थ केअर हवे आहे. घरात मात्र दोन तट पडले आहेत. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की एवढे शिकवून मुलीने शेवटी दवाखान्यात बेडपॅनच उचलायचे असेल, तर शाळेत घालून काय उपयोग? माझ्या मनात तीन प्रश्न आहेत. या विषयात प्रत्यक्ष शिकवतात काय? पुढे विज्ञान शाखेला किंवा नर्सिंगला जाताना त्याची अडचण होते का? आणि आमच्या शाळेत मराठी प्रथम, इंग्रजी द्वितीय व कन्नड तृतीय भाषा असल्याने या निवडीत कन्नडचा बळी जातो, त्याचे काय करावे? अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निपाणीकर मास्तर

येळ्ळूरकर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण हा विषय आमच्या शाळेत आहे आणि त्याच्या प्रशिक्षक बाई माझ्याच शेजारच्या वर्गात शिकवतात.

अभ्यासक्रमाचा मूळ आराखडा भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेचा आहे. ही संस्था एनसीईआरटीचाच भाग आहे. नववीत आरोग्यसेवेची रचना येते, म्हणजे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका आणि जिल्हा रुग्णालय यांची उतरंड. सपाटीवर साधारण ५,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० असे निकष आहेत, हे आमच्या मुलांना आता तोंडपाठ आहे. त्याखेरीज रुग्णसेवा साहाय्यकाची कामे, वैयक्तिक स्वच्छता, लसीकरण, आणीबाणीच्या वेळचे प्राथमिक उपचार आणि रुग्णाशी व नातेवाइकांशी कसे बोलावे, हे भाग आहेत. दहावीत रुग्णालयातील विभाग, रुग्णाच्या सेवेचा आराखडा, निर्जंतुकीकरण आणि शरीररचनेची ओळख असा पुढचा टप्पा येतो.

सगळे काही आलबेल आहे असे मात्र समजू नका. प्रशिक्षक बहुतेक ठिकाणी एजन्सीमार्फत कंत्राटावर घेतलेले असतात, त्यामुळे वर्षाच्या मध्यात बदली माणूस येणे किंवा काही आठवडे कोणीच नसणे, हे घडते. शाळा निवडताना प्रशिक्षक टिकून आहेत का, हे विचाराच.

मच्छे_माळ

आमच्या घरी मुलाने हा विषय घेतल्यापासून जेवणापूर्वी हात धुण्याची तपासणी सुरू झाली आहे. नखांच्या खाली, अंगठ्याच्या मुळाशी, मनगटापर्यंत. वडिलांनाही सूट नाही.

हिंडलगा_सिस्टर

दुसरा प्रश्न माझ्या वाट्याचा. मी परिचारिका म्हणून सेवा करून निवृत्त झाले आहे.

नववी-दहावीचा हा विषय घेतल्याने पुढचे कोणतेही दार बंद होत नाही, पण कोणतेही दार आपोआप उघडतही नाही, ही गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान हे विषय आहेत तसेच राहतात, त्यामुळे दहावीनंतर पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घेता येते. बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्यासाठी पीयूसीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र असावेच लागते. तीन वर्षांच्या जीएनएम आणि दोन वर्षांच्या एएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांना कला शाखेची मुलेही जाऊ शकतात, मात्र बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. दहावीवर थेट जायचे असेल तर कर्नाटकच्या पॅरामेडिकल बोर्डाचे लॅब टेक्निशियन, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस असे डिप्लोमा आहेत. हेच डिप्लोमा पीयूसी विज्ञानानंतर कमी मुदतीत होतात.

शाळेचे हे प्रमाणपत्र दाखवून आपली मुलगी नर्स होईल असे कोणी सांगत असेल, तर ती थाप आहे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी वॉर्डात पाऊल टाकल्यावर घेरी येऊन पडणाऱ्या मुलींमध्ये ती नसेल, एवढे मी खात्रीने सांगते. मी अशा मुली पुष्कळ उचलल्या आहेत.

टिळकवाडी_निवासी

मला या योजनेविषयीच शंका आहे, आणि ती मोकळेपणाने मांडतो. ज्यांचे पालक फी भरू शकतात ती मुले नववीत कोडिंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शिकतात, आणि गोरगरिबांच्या सरकारी शाळेत रुग्णसेवा, ब्यूटी अँड वेलनेस, रिटेल असे विषय येतात. चौदाव्या वर्षी मुलीच्या हातात बेडशीट द्यायचे आणि त्याला कौशल्य म्हणायचे, हे मला पटत नाही. शिवाय वर्गात किती मुलगे हा विषय घेतात, तेही मास्तरांनी सांगावे. सेवा म्हणजे बायकांचे काम, हा आपला जुना समज आता सरकारी शिक्क्यानिशी पक्का होतो आहे.

निपाणीकर मास्तर

टिळकवाडीकर, मुलगे कमी आहेत, हे खरे. यंदा काही मुलगे आले, त्यांतले निम्मे माहिती तंत्रज्ञानाच्या तुकडीत जागा उरली नाही म्हणून आले, हेही खरे. पण आमच्या निपाणीचा संदर्भ देतो. इथे घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. तंबाखूची धूळ, वाकलेली मान, डोळ्यांची जळजळ, सततचा खोकला हे सगळे त्या घरांतील मुले जन्मापासून पाहतात आणि ते असेच असते असे मानतात. प्रशिक्षक बाईंनी श्वसनसंस्थेचा पाठ शिकवल्यावर मुलांनी विचारले की आईने नाकाला फडके बांधावे का, खिडकी उघडी ठेवावी का, तान्ह्या भावाला तंबाखूच्या खोलीत निजवावे का. कोडिंगच्या तासाला हे प्रश्न आले नसते. तुमचा आक्षेप चुकीचा आहे असे मी म्हणत नाही, पण गरिबाच्या पोराला हा विषय मिळतो म्हणून तो हलका ठरत नाही.

कडोली_कट्टा

मी पुरुष आहे, शेतकरी आहे आणि बेडशीट बदलतो. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर ते दीर्घकाळ अंथरुणावर होते. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांची यादी दिली. माणसाला अंथरुणात सांभाळायचे कसे, हे मात्र कोणी सांगितले नाही. ते मला वॉर्डातील एका आयामावशींनी शिकवले, तेही जाता जाता.

रुग्ण पलंगावर असतानाच चादर बदलायची असते. त्याला एका कुशीवर वळवायचे, मोकळ्या झालेल्या बाजूची जुनी चादर लांबीने गुंडाळत त्याच्या पाठीपर्यंत नेऊन टेकवायची, तिच्यालगत नवी चादर अर्धी अंथरून उरलेली तशीच गुंडाळून ठेवायची, मग त्या गुंडाळीवरून रुग्णाला दुसऱ्या कुशीवर घ्यायचे, त्या बाजूने जुनी चादर ओढून काढायची आणि नवी ताणून गादीखाली खोचायची. सुरकुती राहता कामा नये, कारण जिथे सुरकुती तिथे कातडे लाल होते आणि लाल झालेले कातडे फुटायला वेळ लागत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, टाचा आणि खांद्याची पाती रोज उजेडात पाहायच्या. त्या मावशी शाळेत फारशा गेलेल्या नव्हत्या, पण वडिलांना अखेरपर्यंत शय्याव्रण झाले नाही ते त्यांच्यामुळे. हेच जर दहावीच्या पुस्तकात येत असेल, तर मुलग्यांना ते सक्तीचे करा, असे माझे मत आहे.

मच्छे_माळ

कट्टेकर, अगदी योग्य. लग्नाच्या बायोडाटात ‘चादर बदलता येते’ अशी ओळ आली तर निम्मी स्थळे तिथेच जमतील.

लेस्टरवासी_बेळगावकर

मी मूळचा शहापूरचा, सध्या इंग्लंडमध्ये आहे. इथे माझी पुतणी १४ ते १६ या वयोगटात ‘हेल्थ अँड सोशल केअर’ हा विषय शिकत आहे, म्हणून तुलनेसाठी लिहितो. तिचा अभ्यासक्रम पिअरसन या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा ‘बीटेक टेक अवॉर्ड’ या नावाचा आहे. त्याचा आपल्या इंजिनियरिंगच्या पदवीशी काही संबंध नाही. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात जन्मापासून वार्धक्यापर्यंत माणूस कसा वाढतो आणि आजार, घटस्फोट, नोकरी जाणे, जवळच्याचा मृत्यू अशा घटनांचा त्याच्यावर काय परिणाम होतो हे येते. दुसऱ्या भागात आरोग्यसेवा, सामाजिक सेवा आणि सेवेतील मूल्ये आहेत. या दोन्ही भागांचे काम शाळेतच करून घेतात आणि त्याला ६० टक्के गुण असतात. तिसऱ्या भागाची लेखी परीक्षा बाहेरून होते, तिला ४० टक्के. त्या परीक्षेत एका काल्पनिक माणसाची माहिती देतात, जसे की नाडीचे ठोके, रक्तदाब, वजन-उंचीचे गुणोत्तर, सिगारेट, एकटेपणा, आणि मग त्याच्यासाठी आरोग्य सुधारण्याचा आराखडा लिहायला सांगतात.

मला विशेष वाटले ते असे की गरजू माणसापर्यंत सेवा पोहोचण्यात कोणते अडथळे येतात, हा त्यांच्याकडे स्वतंत्र घटक आहे. पैसा, अंतर, भाषा, अपंगत्व, लाज असे अडथळे ओळखून ते कमी कसे करायचे, हे मुले लिहितात. इथेही वर्गात मुलीच अधिक असतात, त्यामुळे टिळकवाडीकरांची तक्रार समुद्रापार जाऊनही सुटलेली नाही.

जांबोटी_घाट

अंतराचा अडथळा शिकवायला इंग्लंडला जाण्याची गरज नाही, पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेला या. भीमगडच्या जंगलात अशी गावे आहेत, जिथे जून-जुलैत ओढे भरले की वाहन पोहोचत नाही आणि आजारी माणसाला लाकडी तिरडीसारख्या डोलीत घालून माणसे खांद्यावर चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. १०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ पासून आहे आणि ती येतेही, पण जिथे रस्ता संपतो तिथे तीही थांबते. फोनची रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर चढावे लागते, तो वेळ वेगळाच.

अशा गावात दहावीतील एखाद्या मुलीला वाहते रक्त दाबून कसे धरावे, सर्पदंशाच्या जागी चिरा न देता व करकचून दोरी न आवळता माणसाला हालचाल करू न देता कसे न्यावे, जुलाब झालेल्या पोराला एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घालून कसे पाजावे, एवढे येत असेल तर त्या गावाला त्याची किंमत विचारा. डांबरी रस्त्याशी पोहोचेपर्यंतचा काळ कोणाच्या तरी हातात असतो आणि ते हात आज बहुधा अडाणी असतात.

शहापूर_पेठ

आता येळ्ळूरकरांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कारण माझ्या मते खरा गुंता तोच आहे आणि आतापर्यंत सर्वांनी त्याला बगल दिली आहे.

आपल्या भागात रुग्णसेवा तीन भाषांत चालते. म्हातारी मराठीत सांगते की छातीत भरून येते. आशा कार्यकर्ती किंवा उपकेंद्रातील सिस्टर ते ऐकून रजिस्टरमध्ये कन्नडमध्ये नोंदवते. डॉक्टर चिठ्ठी इंग्रजीत लिहितात. या तिन्हींच्या मध्ये उभे राहू शकणारा माणूस हीच आपल्याकडची खरी टंचाई आहे. मुलीने हेल्थ केअर घेऊन जर कन्नडच सोडले, तर ज्या कामासाठी ती तयार होत आहे त्याच कामात ती अर्धी पंगू होईल. सरकारी आरोग्य खात्यात, आशा म्हणून किंवा अंगणवाडीत, कुठेही जा, कागद कन्नडमध्येच येतो. याला कोणी मराठीचा प्रश्न म्हणून रंग देऊ नये. मी स्वतः मराठीचा कट्टर माणूस आहे आणि म्हणूनच सांगतो की मराठी रुग्णाची तक्रार कन्नड कागदावर नीट उतरायची असेल, तर ती उतरवणारी आपलीच मुलगी हवी.

कडोली_कट्टा

कन्नड काय तिसऱ्या भाषेच्या पेपरातून येते होय? आमची पोरे एपीएमसीत आणि बसस्टँडवर शिकली आणि फर्ड्या कन्नडमध्ये भाव करतात.

शहापूर_पेठ

कट्टेकर, भाव करणे आणि ‘रुग्णाला काल रात्रीपासून ताप असून दोन वेळा उलटी झाली’ असे रजिस्टरमध्ये शुद्ध लिहिणे, यांत फरक आहे. बोलणे बाजारात येते, लिहिणे येत नाही.

निपाणीकर मास्तर

पेठकरांशी मी पूर्ण सहमत आहे. येळ्ळूरकरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानुसार शाळेला कन्नड शिकवणे टाळता येत नाही. तेव्हा परीक्षेच्या गुणपत्रिकेत कोणता विषय धरला जातो आणि वर्गात कोणता शिकवला जातो, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मुख्याध्यापकांना विचारा. वेळापत्रक मागून घ्या आणि त्यात कन्नडचे तास आहेत का ते पाहा. पुस्तकाची भाषाही तपासा. आमच्या शाळेत आलेले पुस्तक इंग्रजीत होते, बाई ते मराठीत समजावून देतात आणि मुले दोन्हीकडचे शब्द वहीत जोडीने लिहितात.

घटप्रभा_काठ

सर्वजण आरोग्याविषयीच लिहीत आहेत, सामाजिक सेवेची बाजू कोणी घेतली नाही म्हणून लिहिते. मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. लेस्टरवासी दादांनी सांगितलेल्या अभ्यासक्रमात आरोग्य आणि सामाजिक सेवा जोडीने येतात, आपल्याकडे मात्र दुसरी बाजू शाळेत जवळपास नाहीच.

आपल्याच जिल्ह्यात सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे. देवदासी प्रथेला बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ मध्ये झाला, पण कायदा झाल्यावर त्या स्त्रियांचे आणि त्यांच्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. घटप्रभेची ‘मास’ ही संस्था पूर्वी देवदासी असलेल्या स्त्रियांनीच उभी केली आणि बचत गट, मुलांचे शिक्षण, नवीन मुलींना देवीला सोडले जाऊ नये म्हणून गावोगाव नजर ठेवणे, ही कामे त्यांनी स्वतः केली. सीमाभागातील नववीच्या मुलांना हे कळू नये का? लहान मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक किती शाळांच्या भिंतींवर आहेत? मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, पण वर्गात शेजारी बसलेल्या मंदगती मुलाशी कसे वागावे हे शिकवणारा तास नाही. म्हणून माझे म्हणणे असे की हा विषय घेणाऱ्या मुलांच्या शिक्षकांनी एक तरी भेट दवाखान्याऐवजी वृद्धाश्रमाला किंवा अंगणवाडीला ठेवावी.

टिळकवाडी_निवासी

अक्कांचा मुद्दा मान्य. अशा स्वरूपात हा विषय शिकवला तर माझा विरोध बराच सौम्य होईल. मात्र तो फी भरणाऱ्या शाळांतही शिकवावा, हा आग्रह मी सोडणार नाही.

थोडे विषयांतर करतो. लसीकरणाचा पाठ शिकवताना बेळगावच्या शिक्षकांनी मुलांना आमच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आणावे. रोज सकाळी शेकडो लोक तिथे फिरायला येतात, त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते की या ठिकाणी देवीची लस तयार होत असे आणि दूरदूरच्या गावांत ती इथून जात असे. भारत देवीमुक्त झाल्याची घोषणा १९७७ मध्ये झाली. पुस्तकातील पाठ आपल्या पायाखालीच आहे.

येळ्ळूरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल शाळेत जाऊन आलो. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले. आमच्या शाळेत गुणपत्रिकेत हेल्थ केअर धरले जाते, पण कन्नडचे तास वेळापत्रकात कायम आहेत आणि ती वही तपासली जाते, असे मुख्याध्यापकांनी वेळापत्रक दाखवून सांगितले. प्रशिक्षक बाई गेल्या वर्षीच्याच आहेत. प्रयोगासाठी एक पलंग, रक्तदाबाचे यंत्र आणि छातीवर दाब देण्याच्या सरावासाठी पुतळा आहे. पुतळ्याची एक बाजू दबलेली आहे, यावरून तो वापरात आहे असे मी समजतो.

कट्टेकरांची चादरीची गोष्ट सौभाग्यवतींना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, पण नाव नोंदवायच्या अर्जावर सही त्यांचीच आहे. पेठकर, कन्नड लिहिण्याचा सराव घरी रोज करून घेण्याचे ठरवले आहे. शेजारी उपकेंद्रात काम केलेल्या एक अक्का राहतात, त्यांनी शनिवारी बसायचे कबूल केले आहे.

हिंडलगा_सिस्टर

चांगले झाले. आता एक काम लगेच करा. या मुलांना वर्षातून एखादी रुग्णालय भेट असते. तत्पूर्वी मुलीची हेपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहा. लहानपणी घेतली असल्यास तायी कार्डावर (आई-बाळाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावर) नोंद सापडेल. ती नसेल तर आरोग्य केंद्रात विचारा, कारण हेपॅटायटिस-बीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात आणि भेटीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग होत नाही. भेटीला जाताना बंद बूट, कापलेली नखे, बांधलेले केस, हातात बांगडी किंवा अंगठी नको. सुई पडलेली दिसली तर हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचे. पिवळा, लाल, पांढरा, निळा यांपैकी रुग्णालयातील कचऱ्याच्या कोणत्या डब्यात काय जाते, ते तिला आधीच पाठ करून जाऊ द्या. वॉर्डातील सिस्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

मच्छे_माळ

सिस्टर, आमच्याकडे त्या चार रंगांच्या बादल्या स्वयंपाकघरात आल्या आहेत. कांद्याच्या साली कुठे टाकायच्या यावर अद्याप एकमत नाही.